एका गाडीच्या गॅरेजात दुसऱ्या गाडीची सोय कशी करावी?

प्रश्न (कपाशीचे शिवार)

नमस्कार. आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात आहे. घराला लागून बाबांनी बांधलेले विटांचे गॅरेज आहे. ते आतून १४ फूट रुंद आणि २२ फूट खोल असून वर लोखंडी कैचीवर टिन आहेत आणि समोर ८ फुटी शटर आहे. त्यात बोलेरो उभी राहते. मात्र दिवाळीनंतर अर्धी जागा कापसाची होते, कारण भाव वाढेल या आशेवर बाबा फेब्रुवारीपर्यंत कापूस विकायला काढत नाहीत. यंदा धाकट्या भावाने २०१९ची वॅगन आर घेतली असून दोन मोटारसायकली आधीपासूनच अंगणात भिजत आहेत. समोरची भिंत फोडून शटर १३ फुटांचे करावे आणि दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी लावाव्यात, असा आमचा विचार आहे. मिस्त्रीच्या मते हे आठवड्याभराचे काम आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (जुना ओव्हरसिअर)

भाऊ, भिंतीला हात लावण्यापूर्वी टेप घेऊन बसावे. बोलेरोची रुंदी १७४५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे पावणेसहा फूट, आणि वॅगन आरची १६२०, म्हणजे सव्वापाच फुटांहून थोडी जास्त. दोन्ही मिळून ११ फूट होतात, तेही आरसे न धरता. उरलेल्या ३ फुटांचे दोन्ही भिंतींलगत आणि मधोमध असे तीन भाग केले, तर दार उघडून माणसाने उतरायचे कोठून? धडधाकट माणसालाही दाराशी २ फूट लागतात. आपल्या आईंना लुगडे सावरत उतरायचे असेल, तर त्याहून अधिक. तेव्हा शटर १३ फुटांचे केले, तरी दुसरी गाडी आत बसेल, पण माणसे आतच अडकतील.

शिवाय तोंड १३ फुटांचे केल्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच भिंत उरते. एवढ्या लांब लिंटेलला, म्हणजे तोंडावरच्या आडव्या तुळईला, ती टेकण पुरत नाही, म्हणून पायापासून कॉलम उठवावे लागतील, आणि काळ्या जमिनीत तो पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागेल. मिस्त्रीच्या आठवड्यात हे बसत नाही.

जागा रुंदीत नसून खोलीत आहे. बोलेरो सुमारे १३ फूट लांब, म्हणजे मागे ९ फूट मोकळे राहतात. मोटारसायकल साडेसहा फुटांच्या आसपास असते. त्यामुळे दोन्ही तेथे आडव्या उभ्या राहतील, फक्त त्यांच्यासाठी बाजूच्या भिंतीत साडेतीन फुटांचे स्वतंत्र दार काढावे आणि बाहेर मुरमाचा लहानसा उतार द्यावा. एवढ्या दारासाठी साधे लिंटेल पुरते. वॅगन आरसाठी गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीला लागून टिनाची छपरी टाकावी.

उत्तर (पुसदची सून)

काकाजींचे म्हणणे मी अनुभवाने सांगते. आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी शटर मोठे केले. शटरवाला ठरल्या दिवशी आला म्हणून मिस्त्रीने पाचव्या दिवशीच लिंटेलखालच्या बल्ल्या काढल्या. तेवढ्या लांबीच्या बीमला किमान १४ दिवस आधार ठेवायचा असतो, हे आम्हाला नंतर कळले. मे महिन्यात जमीन तडकली तशी कोपऱ्याची भिंतही तडकली, आणि त्या भेगेत रुपयाचे नाणे उभे सरकत असे. पावसाळ्यात माती फुगून भेग मिटली की सासरे म्हणत, ‘बघ, बरी झाली’. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडली.

छपरी करायची असेल, तर पत्र्याला जे-हूक (इंग्रजी J सारखे वाकवलेले बोल्ट) लावून वॉशरसह घट्ट आवळा. मेच्या वादळात आमच्या शेजाऱ्यांचे दोन टिन विहिरीत जाऊन पडले होते. ग्रामपंचायतीला कळवून नमुना आठवर, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, नोंद करून घ्या, म्हणजे पुढे कर आकारणीच्या वेळी वाद उरत नाही.

उत्तर (वखारीचा राखणदार)

दोन्ही उत्तरे योग्य आहेत. पण मुख्य अडचण गाडी नसून कापूस आहे. बोलेरो शेतातून येते तेव्हा तिचा सायलेन्सर तापलेला असतो, मोटारसायकलींच्या टाकीत पेट्रोल असते, आणि शेजारी सुटा कापूस. एक ठिणगी पडली तरी तो विझवायला वेळ मिळत नाही. वरून विझलेला दिसला, तरी आत धुमसत राहतो. सरकीला लागून उंदीर येतात आणि ते गाडीची वायरिंगही सोडत नाहीत. म्हणून कापूस माळ्यावर टाकण्याचा विचारही करू नये. तो घरातल्या एखाद्या कोरड्या खोलीत हलवला, तर नवे बांधकाम न करता निम्मी जागा आजच मोकळी होईल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (कपाशीचे शिवार)

सर्वांचे आभार. काल टेप घेऊन मोजले; काकाजींचा हिशेब बरोबर आहे. शटरचा विचार सोडला. बाजूचे दार पूर्वेच्या भिंतीत काढू आणि वॅगन आरसाठी उत्तरेला १० फूट रुंद छपरी टाकू, म्हणजे दुपारच्या उन्हात टिन तापले, तरी गाडीवर थेट ऊन येणार नाही. कापसाचे मात्र बाबांनी अजून मान्य केलेले नाही. समोरच्या खोलीतला दिवाण हलवला, तर तेथे कापूस ठेवता येईल, असे आईने सुचवले आहे. त्यावर बाबांनी फक्त ‘बघू’ एवढेच म्हटले.