ऑलिव्हच्या पानांचा अर्क आणि आतड्यांचा दाह

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला दाह होऊन व्रण पडण्याचा दीर्घकालीन आजार) असून त्यावरचे दाह कमी करणारे औषध मेसालामाइन चालू आहे. त्यासोबत ऑलिव्हच्या पानांचा अर्क द्यावा का?

पहिले उत्तर: या पानांतील ओल्युरोपीन हा घटक आणि त्यापासून बनणारे हायड्रॉक्सीटायरोसोल यांनी उंदरांच्या आतड्यांतील दाह कमी केल्याचे प्रयोगांत दिसले आहे; परंतु उंदरांना दाहकारक रसायन पाजून काही दिवसांत घडवलेला दाह आणि माणसाचा वर्षानुवर्षांचा आजार यांत फार अंतर आहे. मेसालामाइन मात्र कृपा करून थांबवू नका.

दुसरे उत्तर: हा अर्क रक्तदाब आणि रक्तातील साखर उतरवू शकतो, म्हणून त्यांच्या गोळ्या चालू असल्यास अधिक जपावे.

प्रश्नकर्ता: त्याला रक्तदाबाची गोळी आहेच. बाटली न उघडता गुरुवारी पोटविकारतज्ज्ञांना दाखवतो.