घोळ हँडबॉलच्या नियमात, शिव्या मात्र व्हीएआरला

गिरगावचा_लेफ्टबॅक
गोलसमोरच्या बॉक्समध्ये कोणाच्या हाताला बॉल लागला की सगळे व्हीएआरच्या (व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारी यंत्रणा) नावाने बोंब मारायला लागतात, बंद करा, गेमची मजा घालवली वगैरे. मला वाटतं आपण भलत्याच माणसाची कॉलर धरतोय. युरो 2024 मधल्या दोन मॅच घ्या, सहा दिवसांच्या अंतरातल्या आणि दोन्ही जर्मनीच्याच. 29 जूनला डेन्मार्कविरुद्ध, डेन्मार्कच्या अँडरसनने गोल मारला तो ऑफसाइड म्हणून काढला, आणि पाचेक मिनिटांत दुसऱ्या बाजूला क्रॉस त्याच अँडरसनच्या बोटांना जेमतेम घासून गेला. बॉलमधल्या चिपने टच पकडला, टीव्हीवर क्रिकेटच्या स्निकोसारखी रेघ उडाली, रेफरी मायकल ऑलिव्हर मैदानाच्या कडेच्या मॉनिटरवर गेला, पेनल्टी, हाव्हर्ट्झने मारली, गोल. मग 5 जुलैला स्पेनविरुद्ध क्वार्टर फायनल, एक्स्ट्रा टाइम, 1-1, जर्मनीच्या मुसियालाचा शॉट गोलच्या दिशेने निघालेला आणि मध्येच स्पेनच्या कुकुरेयाच्या हातावर धाडकन. रेफरी अँथनी टेलरने काही दिलं नाही, त्याला मॉनिटरवर पण कोणी बोलावलं नाही. 119 व्या मिनिटाला स्पेनच्या मेरिनोचा हेडर, जर्मनी बाहेर.

एकच स्पर्धा, एकच नियमपुस्तक. बोटाला घासलं तर पेनल्टी आणि शॉट अडवला तर काही नाही? कॅमेऱ्याने दोन्ही वेळा बॉल हाताला लागलेला बरोबर दाखवला की. पुढे काय करायचं हे नियमाने नीट सांगायला हवं होतं, ते तो सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच, व्हीएआर ठेवा, नियम नव्याने लिहा.

कूपरेज_ईस्टस्टँड
पूर्ण असहमत. नियम आधी पण ढोबळच होता, 'मुद्दाम हात लावला तर फाऊल', आणि त्या ढोबळपणावर शंभरेक वर्षं खेळ चालला ना? कॅमेरा आल्यावर बोटाबोटाचा हिशोब सुरू झाला आणि त्या हिशोबासाठी नियम ताणत गेले. 2018 ची वर्ल्ड कप फायनल आठवा, फ्रान्स-क्रोएशिया, 1-1 असताना कॉर्नरवर क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला बॉल लागला, रेफरी पिटाना मॉनिटरवर गेला, बघितलं, परत वळला, पुन्हा जाऊन बघितलं आणि मग पेनल्टी. ज्या माणसाला दोनदा बघावं लागतं त्याला ती चूक स्पष्ट दिसली असं कसं म्हणायचं? व्हीएआरचं स्वतःचं तत्त्व आहे की ढळढळीत चूक असेल तरच मध्ये पडायचं. फायनलमध्येच ते तत्त्व गुंडाळून ठेवलं.

आणि स्टेडियममध्ये बसणाऱ्याचं काय हो? गोल झाला की आधी रेफरीचा हात कानातल्या इअरपीसला गेला का ते बघायचं आणि मगच नाचायचं. मला हे मनापासून लागतं, गोलचा आनंद हप्त्याने मिळणारी गोष्ट नाहीये.

माटुंग्याचा_रेफ
मी लोकल लीगला शिट्टी मारतो म्हणून जरा नियमाचं सांगतो, कारण वरच्या दोघांच्या बोलण्यात बरीच सरमिसळ झालीये.

आज फाऊल तीन प्रकारे होतो. एक, मुद्दाम हात लावला. दोन, हात अशा ठिकाणी आहे की शरीर अनैसर्गिकपणे मोठं झालं, म्हणजे त्या क्षणी तो जी हालचाल करतोय तिच्यासाठी हात तिथे असायची गरजच नव्हती. तीन, स्वतःच्याच हाताला लागून थेट गोल झाला किंवा लागल्यावर लगेच त्यानेच गोल मारला, मग चुकून लागलं तरी गोल रद्द. बाकी प्रत्येक स्पर्श फाऊल नाही, लोकांना हेच पटत नाही, अख्खं मैदान 'हँड, हँड' ओरडत सुटतं.

गोंधळ का झाला, तर नियम सारखा बदलला. 2019 ला कलम लांबलचक केलं, हात खांद्याच्या वर गेला की जवळपास फाऊलच. 2020 ला हात कुठून सुरू होतो ते ठरवलं, काखेच्या खालच्या रेषेपासून पुढे. 2021 ला परत रेफरीच्या नजरेवर सोडलं, आणि टीममेटच्या हाताला चुकून लागून मग दुसऱ्याने गोल मारला तर तो गोल धरायचा असं केलं. 2024 ला अजून एक, नक्की गोल होणार होता पण हात चुकून लागून अडला, तर पेनल्टीसोबत रेडच्या ऐवजी यलो. पाच वर्षांत एवढं बदललं तर प्रेक्षक सोडा, प्लेअरला तरी काय कळणार. पण नियम आता वाईट नाहीये. त्याला दोन सीझन शांत बसू द्या.

गिरगावचा_लेफ्टबॅक
@माटुंग्याचा_रेफ दादा, कलमं मला मान्य, पण 'अनैसर्गिक' ठरवणार कोण? सप्टेंबर 2020 ला टॉटनहॅम-न्यूकॅसल, न्यूकॅसलच्या अँडी कॅरोलने हेडर मारला, टॉटनहॅमचा एरिक डायर समोर हवेत, पाठ त्याच्याकडे, बॉल मागून येऊन हाताला लागला. त्याला बॉल दिसतच नव्हता! तरी मॉनिटरवर जाऊन पेनल्टी, 97 व्या मिनिटाला, मॅच 1-1. उडी मारताना कोणाचे हात खाली राहतात का, वांद्र्याच्या टर्फवर दहा वर्षांच्या पोराला उडी मारायला सांगा, हात वर जाणारच.

कूपरेज_ईस्टस्टँड
बरोबर, आणि व्हीएआर नसता तर ती पेनल्टी झालीच नसती. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे भाऊ.

दादर_वेस्ट_१०
व्हीएआर नसता तर काय काय झालं असतं ते पण बोला मग. नोव्हेंबर 2009, पॅरिस, वर्ल्ड कपचा प्लेऑफ, फ्रान्सच्या हेन्रीने बॉल चक्क हाताने थांबवला, गॅलासला दिला, गोल, आयर्लंड वर्ल्ड कपच्या बाहेर. 1986 ला मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध मुठीने मारला, आपण त्याची पोस्टर लावतो पण त्या दिवशी इंग्लंडचा गोलकीपर पीटर शिल्टनवर अन्याय झाला हे अर्जेंटिनाचा फॅन असून सांगतो मी. ज्यांना जुने दिवस हवेत त्यांनी एखाद्या आयरिश माणसाला विचारावं. आणि 2024 ला वुल्व्ह्ज क्लबने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधून व्हीएआर काढायचा ठराव आणला तेव्हा 20 पैकी 19 क्लब विरोधात गेले, ज्यांचे पैसे आणि पॉइंट पणाला लागतात त्यांनाच तो हवाय.

कूपरेज_ईस्टस्टँड
हेन्रीसारखी केस पकडायला कोणाचा विरोध आहे? ती पाच सेकंदात दिसते. माझा विरोध चार मिनिटं स्क्रीनवर रेघा मारत बसण्याला आहे.

गिरगावचा_लेफ्टबॅक
मग स्लो मोशनवर बोलूया. व्हीएआरच्या प्रोटोकॉलमध्येच लिहिलंय की स्लो मोशन फक्त बॉल कुठे लागला, बॉल बाहेर गेला का असल्या गोष्टींसाठी, आणि हँडबॉल फाऊल आहे की नाही हे नॉर्मल स्पीडमध्ये बघून ठरवायचं. आता मॉनिटरसमोर उभ्या राहिलेल्या रेफरीला आधी काय दिसतं? फ्रीज केलेलं चित्र, हात लांब, बॉल हाताला चिकटलेला. हळू करून बघितलं की कोणताही माणूस विचार करून हात पुढे करतोय असंच वाटतं, प्रत्यक्षात सगळं अर्ध्या सेकंदात झालेलं असतं. पहिली क्लिप नॉर्मल स्पीडचीच दाखवा, ती पण दोनदा, मग बाकीचं.

माटुंग्याचा_रेफ
यावर मी तुमच्यासोबत. आणि निर्णय माईकवरून सांगितला पाहिजे, 2023 च्या महिला वर्ल्ड कपला सांगायचे तसा, स्टेडियममध्ये निदान कळतं तरी काय चाललंय. फक्त 'मुद्दाम असेल तरच फाऊल' या मागणीला माझा ठाम नकार, मनातलं मला कसं दिसणार? डिफेंडर हात पसरून गोलसमोर उभा राहील आणि म्हणेल माझा इरादा नव्हता.

ठाणे_स्लो_लोकल
मग चुकून लागलेल्या हँडबॉलला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल मारता येत नाही) द्या ना. चारातल्या तीन पेनल्टी आत जातात, बोटाला घासल्याबद्दल पाऊण गोल ही कसली शिक्षा? गुन्हा आणि शिक्षा यांचा काही मेळ तरी हवा.

माटुंग्याचा_रेफ
आणि मुसियालाचा शॉट अडवला त्याला पण इनडायरेक्टच का? अख्खी टीम गोललाइनवर भिंत करून उभी राहणार. मला नाही चालणार.

दादर_वेस्ट_१०
इथल्या खेळाचं पण बोला रे कोणीतरी. आयएसएलचे (इंडियन सुपर लीग) 2014 ते 2025 अकरा सीझन व्हीएआरशिवाय झाले, अंधेरीला मुंबई सिटीची मॅच बघताना आपण रेफरीच्या एका नजरेवर असतो. फिफाने 2024 च्या अंडर-20 महिला वर्ल्ड कपला स्वस्तातला पर्याय वापरला, वेगळी व्हीएआर रूम नाही, प्रत्येक कोचला दोन रिव्ह्यू, बरोबर निघाला तर रिव्ह्यू शिल्लक राहतो, थेट डीआरएससारखं. आपल्याकडे हे आणा. रेफरी मॉनिटरवर जाऊन स्वतः बघेल.

कूपरेज_ईस्टस्टँड
हे मात्र मी घेईन. पण मॉनिटरवर एक मिनिटाची मर्यादा टाका, तेवढ्यात दिसलं नाही तर मैदानावरचा निर्णय कायम.

माटुंग्याचा_रेफ
एक मिनिट कमी आहे. कॅमेरे चारच असतील तर योग्य अँगल शोधण्यातच ते जाईल, दोन तरी द्या.