सोनी २००-६०० घ्यावी की टॅमरॉन १५०-५००? नान्नज, हिप्परगा, उजनीसाठी सल्ला पाहिजे

अप्पांचा_मुलगा

नमस्कार मंडळी. दोन महिने झाले एकाच ठिकाणी अडकलोय म्हणून शेवटी धागा काढतोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

कॅमेरा सोनी ए६७००. लेन्स सध्या कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-१३५ आणि सोनीचीच ७०-३५० (हे आकडे मिमीमधली फोकल लेंथ, आकडा मोठा तितका पक्षी जवळ दिसतो). ही ७०-३५० लई गुणाची आहे, फक्त ६२५ ग्रॅम, कंबर तलावावर सकाळी दोन तास गळ्यात असली तरी मान दुखत नाही. पण नान्नजच्या (सोलापूरजवळचं माळढोक अभयारण्य) माळावर गेलो की कमी पडते. मागच्या पंधरवड्यात एक भोवत्या (शिकारी पक्षी) गवताच्या शेंड्यांना घासत घासत आला, एकदम सपाट उडत, मधेच पंख वर धरून तरंगला, मी धडाधड तीस-चाळीस फोटो काढले. घरी येऊन बघतोय तर पक्षी शंभरेक मीटरवर होता, क्रॉप केल्यावर डोळा म्हणजे नुसता पिवळा ठिपका. आणि मला तो डोळाच पाहिजे होता.

आता दोन लेन्स डोक्यात आहेत, सोनीची २००-६०० जी आणि टॅमरॉनची १५०-५००. सिग्माची १५०-६०० पण बघितली, पण ती वजनाला जवळजवळ सोनीएवढीच आणि झूम केली की लांब होते, म्हणून बाजूला ठेवली. सोनी टॅमरॉनपेक्षा बरीच महाग पडतेय, पण एकदाच घ्यायची आहे तर पैसे अजून चार महिने साठवायची तयारी आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. जाणं-येणं बाईकवर, मागं वडील बसतात. अप्पांचं वय ६९. तरुणपणी त्यांनी नान्नजला माळढोक पाहिलेत, एकावेळी चार-पाच. अजून माळावर गेले की पहिली दहा मिनिटं काही बोलत नाहीत, नुसते बघत उभे राहतात. तर लेन्स त्यांच्याही हातात जाणार आहे.

विचारायचं असं की ५०० आणि ६०० मध्ये प्रत्यक्षात किती फरक पडतो, टॅमरॉनच्या एफ ६.७ मुळं (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी आत येतो) सकाळच्या उजेडात अडचण येते का, आणि आपल्याकडच्या धुळीत लांब होणारी लेन्स कितपत टिकते?

हिप्परगा_किनारा

माझ्याकडं २००-६०० तीन वर्षं झाली, डोळे झाकून तीच घ्या.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती झूम करताना लांब होत नाही. २०० ला जेवढी तेवढीच ६०० ला, सगळं आतल्या आत हलतं. त्यामुळं हातातला तोल बदलत नाही, आणि झूमची रिंग इतकी हलकी आणि छोट्या वळणाची आहे की एका बोटानं २०० वरून ६०० ला जाता येतं. हिप्परग्याला बदकांचा थवा एकदम उठला की आधी २०० ला अख्खा थवा सापडवायचा आणि मग त्यातला एक धरून आत जायचं, हे काम ती फार छान करते. आणि धुळीचं म्हणाल तर नळी आत-बाहेर होणारी कुठलीही लेन्स हवा आत ओढतेच, आपल्याकडं एप्रिलमध्ये वावटळ उठल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

दुसरं, सोनीच्या लेन्सला सोनीचा १.४ टेलीकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारं, फोकल लेंथ १.४ पट करणारं जोडभिंग) लागतो, म्हणजे ८४० मिमी होते, उजेड एफ ९ वर जातो पण भर उन्हात चालतं. टॅमरॉनला ते लागत नाही.

वजन आहे, खोटं बोलणार नाही, ट्रायपॉडचा पाय काढून २११५ ग्रॅम. पण सवय होते.

शेंगाचटणी

किनारा सरांशी थोडा असहमत. लेन्स दोन्ही चांगल्या, पण धागाकर्त्याची गरज काय आहे ते बघा ना. साधा हिशोब करू.

पक्ष्यावर किती पिक्सेल पडणार हे फोकल लेंथच्या वर्गावर ठरतं. ३५० वरून ५०० ला गेलात की त्याच अंतरावरच्या त्याच पक्ष्यावर दुप्पट पिक्सेल येतात. ३५० वरून ६०० म्हणजे जवळपास तिप्पट. ५०० आणि ६०० आपापसात बघितलं तर ४४ टक्के जास्त. आता ४४ टक्के कमी नाहीत, पण तुमची जी मोठी उडी आहे ती ५०० लाच पदरात पडते. ए६७०० चा सेन्सर छोटा असल्यामुळं ५०० चं दृश्य ७५० सारखं दिसतं, ६०० चं ९०० सारखं. पाखरू ९०० वर शोधायला पण सराव लागतो, सुरुवातीला निम्मा वेळ नुसतं आभाळच दिसतं.

एफ ६.७ आणि सोनीच्या ६.३ मधला फरक स्टॉपच्या (उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो तो एक स्टॉप) सहाव्या भागाएवढा आहे, विसरून जा. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० च्या जागी ३६०० होईल, फोटोत कुणाला कळणार पण नाही.

लेन्स घेणारा माणूस बाईकवर जाणारा असेल तर मात्र हे बघा: टॅमरॉन बंद असताना २१ सेंटीमीटरची, सोनी जवळजवळ ३२. टॅमरॉन साध्या सॅकमध्ये कॅमेऱ्याला लावलेली उभी बसते. सोनीसाठी वेगळी बॅग लागते, आणि बाईकवर मागं माणूस बसलेला असताना ती बॅग कुठं ठेवणार? टॅमरॉनचं वजन पाय काढून १७२५ ग्रॅम, म्हणजे ३९० ग्रॅमचा फरक. ऐकायला कमी वाटतो, पण पक्षी येईपर्यंत लेन्स डोळ्याला लावून थांबायचं असतं तेव्हा तिसऱ्या मिनिटाला दंडाला कळतो.

टॅमरॉनच्या पायाला खाली खाच आहे, आर्का प्लेटवाल्या (पटकन अडकवायच्या पट्टीच्या) ट्रायपॉडवर सरळ बसतो. सोनीच्या पायाला वेगळी प्लेट घ्यावी लागते.

अण्णा_माळकरी

दोघांचंही बरोबर आहे पण मला एक तिसरंच सांगायचंय, कारण हे कुणी सांगत नाही आणि लोक लाखभर घालून मग लेन्सला नावं ठेवतात.

आपल्या माळावर फोटो बिघडतो तो झळांनी. फेब्रुवारी लागला की नऊ-साडेनऊनंतर जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर जाते, वरची गार हवा खाली येते, आणि या थरांमधून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. लांबचा काळवीट बघा, त्याचे पाय पाण्यात असल्यासारखे हलताना दिसतील. त्या हवेतून ५०० नं काढा, ६०० नं काढा, नाहीतर आणखी कितीही महागाच्या लेन्सनं काढा, डोळा मऊच येणार. उलट लेन्स जितकी लांब तितकी झळ पण मोठी होऊन दिसते. ऑटोफोकस सुद्धा चुकतो, दहा फोटोत दोन बरे निघतात आणि माणसाला वाटतं लेन्समध्येच दोष आहे. माझा एक मित्र या कारणानं चांगली लेन्स विकून बसला.

म्हणून सूर्य उगवायच्या आत पोचा. पहिला दीड तास सोनं आहे. त्या वेळात शंभर मीटरवरचा पक्षी जो मिळेल तो अकरा वाजता चाळीस मीटरवर मिळणार नाही.

गाडीतून काढणार असाल तर एसी बंद, इंजिन बंद, काच आधीच खाली करून पाच मिनिटं जाऊ द्या. काचेच्या तोंडाशी आतली गार आणि बाहेरची तापलेली हवा मिसळते आणि तिथंच झळ तयार होते, हे माझ्या लक्षात यायला दोन उन्हाळे गेले. हुडच्या (लेन्सच्या तोंडावरच्या सावलीच्या नळीच्या) आत पण गरम हवा अडकते, लई ऊन असेल तर हुड काढून बघा.

आणि बीनबॅग शिवून घ्या. माझी सोलापुरी चादरीच्या तुकड्याची आहे, दुहेरी शिवण, आत ज्वारी पाच किलो. गाडीच्या दारावर, बाईकच्या सीटवर, बांधावर कुठंही टाका. थर्माकोलचे मणी भरू नका, लेन्स डुलते. ज्वारी दाबली की लेन्सभोवती घट्ट बसते आणि हलत नाही. बीनबॅग असली की ३९० ग्रॅमचा वाद निम्मा संपतो.

अप्पांचा_मुलगा

अण्णा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो भोवत्याचा फोटो काढलेली वेळ आत्ता बघितली, सकाळी १० वाजून ४० मिनिटं. गवताच्या काड्या पण लाटेसारख्या वाकड्या आल्यात, मला वाटत होतं माझा हात हलला.

चंडोल_ताई

दादा, मी टॅमरॉन १५०-५०० वापरते, दोन वर्षं होतील. काही गोष्टी वापरून कळलेल्या.

धूळ: अजून तरी आत काही गेलेलं नाही. पण मी एक शिस्त पाळते, परत निघताना नळी बाहेर असताना आधी फुग्यानं हवा मारायची, मग कोरड्या ब्रशनं झटकायचं, आणि मगच आत घ्यायची. तशीच आत ओढली तर धूळ नळीबरोबर आतच जाणार. वारा सुटलेला असेल तर मी एका फोकल लेंथला लॉक करून ठेवते, झूमची रिंग पुढं सरकवली की कुठंही लॉक होते.

जवळचं फोकस: हे कुणी बोललं नाही अजून. १५० ला ६० सेंटीमीटरवरून आणि ५०० ला १.८ मीटरवरून फोकस होतो. सोनी २.४ मीटरला थांबते. माळ म्हणजे फक्त पक्षी नाहीत ना, दगडावर बसलेला सरडा, पावसाळ्यात गवतफुलं, फुलपाखरं, हे सगळं त्याच लेन्सनं होतं आणि लेन्स बदलायला कॅमेरा उघडावा लागत नाही. धुळीत ती सगळ्यात मोठी सोय.

उजनीला बोटीत बसलात तर रोहित पक्ष्यांच्या थव्यासाठी २०० पण जास्त होतं, १५० बरं पडतं. चित्रबलाक तर कधी कधी इतके जवळ असतात की नुसती मानच येते फ्रेममध्ये.

सोनीच्या बॉडीवर बाहेरच्या कंपनीच्या लेन्सला सेकंदाला १५ फोटोंची मर्यादा आहे असं वाचून घाबरू नका, तुमची ए६७०० मुळातच ११ काढते. पुढं मोठी बॉडी घेणार असाल तरच तो विचार.

आणि एक कळकळीनं. लेन्स कोणतीही घ्या, पण तिच्या लांबीचा उपयोग लांब राहण्यासाठी करा. उन्हाळ्यात धाविक (माळावर धावणारा छोटा पक्षी) उघड्या जमिनीवर अंडी घालतो, ना काडी ना आडोसा, खड्यांच्या रंगाची अंडी. आपण चार पावलं पुढं सरकलो की तो उठतो आणि त्या उन्हात अंडी उघडी पडतात. मी स्वतः एका जागी हे होताना पाहिलंय, फोटोवाले सहाजण होते, पक्षी वीस मिनिटं परत आला नाही. पक्षी आपल्याकडं बघायला लागला की थांबायचं, मान ताठ केली की मागं यायचं.

हिप्परगा_किनारा

ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला हात जोडून अनुमोदन.

वडिलांच्या हातात जाणार हे मी पहिल्यांदा नीट वाचलं नव्हतं. तसं असेल तर मी पण दोन्ही हातात धरून बघा असंच म्हणेन. येत्या रविवारी हिप्परग्याला या, माझी २००-६०० अप्पांच्या हातात देतो. ताई, तुम्ही येऊ शकाल का?

चंडोल_ताई

येते. सव्वासहाला. तुळजापूर रोडवरून आत वळलं की बांधापाशी.

अप्पांचा_मुलगा

मंडळी, काल जाऊन आलो, सविस्तर लिहितो.

धुकं होतं म्हणून सातपर्यंत काहीच दिसेना, ताईंनी आणलेला चहा झाला. मग पाण्यावरचं धुकं उचललं आणि समोर पट्टेरी राजहंस, वीस-बावीस. आधी मी काढले, दोन्ही लेन्सनी, त्याच पक्ष्याचे, त्याच जागेवरून, १/१००० सेकंदाच्या शटरवर. घरी मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. ६०० चा मोठा दिसतो, हे खरं. मानेवरच्या पिसांच्या रेघा त्यात जास्त मोकळ्या दिसतात. पण ५०० चा तेवढा मोठा करून बघितला तरी डोक्यावरचे दोन्ही काळे पट्टे स्वच्छ, आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका आहे. माझ्या ३५० मध्ये तो कधीच आला नव्हता.

किनारा सरांच्या लेन्सची झूम रिंग मात्र अगदी त्यांनी सांगितली तशीच आहे, त्यापुढं टॅमरॉनची घट्ट वाटते. ते मनात राहील.

मग अप्पा. २००-६०० त्यांनी उचलली, डावा हात खाली लावला, दीडेक मिनिट बघितलं आणि काही न बोलता सरांच्या हातात परत दिली. टॅमरॉन दिली तर बांधावर बसले, कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि खाली ठेवेचनात. मी शेजारी बसून बघत होतो, पक्षी पाण्यात मान घालायचा तेव्हा अप्पा श्वास सोडायचे आणि मान वर आली की धरायचे. बटण त्यांनी दाबलंच नाही. म्हणलं अप्पा फोटो काढा की. तर म्हणे, थांब, अजून बघू दे.

टॅमरॉन बुक केली आज दुपारी. वाचलेल्या पैशात ८२ मिमीचा एक चांगला फिल्टर, एक जास्तीची बॅटरी, आणि राहतील ते राहतील.

अण्णा, बीनबॅगचं कापड घरातल्या जुन्या चादरीचं काढलंय, आई शिवून देतेय. पाच किलो ज्वारी भरली तर बाईकवर अप्पांच्या मांडीवर ती जड होईल का, की तीन किलोत भागेल?

अण्णा_माळकरी

या लेन्सला तीन किलो पुरे. पिशवी पाऊण भरा, गच्च नको, नाहीतर लेन्स वरून घसरते. तोंडाला चेन लावा म्हणजे ज्वारीला किडा लागला तर बदलता येईल. नान्नजला निघाल तेव्हा आदल्या रात्री कळवा, मी पण येतो, अप्पांना भेटायचंय.