आरीकामाच्या लोकरी जाकिटाची निगा
काश्मिरी आरीकामाचे जाकीट घरी धुवावे का, या प्रश्नाला माझे उत्तर 'शक्यतो नको' असे आहे. आरी म्हणजे टोकाला आकडी असलेली भरतकामाची सुई; तिने घातलेली टाक्यांची साखळी सलग धाग्याची असल्याने शेवटचे टोक सुटून ओढले गेले, तर वेल भराभर उसवत जाते, म्हणून निघालेला धागा न कापता सुईने मागे घेऊन टाचावा. आमच्या जळगावात असे जाकीट जेमतेम डिसेंबर-जानेवारीत, रात्री उघड्या मांडवात बसताना, साध्या पांढऱ्या सदऱ्यावर शोभते. उरलेले वर्ष ते पेटीत पडून असते आणि खरा धोका तिथल्या कसरीचा, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीचा, जी घामट कॉलरच आधी धरते. त्यामुळे ठेवण्यापूर्वी ड्रायक्लीन करून, प्लास्टिकऐवजी जुन्या धुवट धोतरात गुंडाळावे. हँगरला मात्र लावू नये, खांदे ओघळतात.