चित्राखालचे नाव झाकले, तर ते कोणत्या कलाचळवळीचे हे कसे ओळखावे?

विचारणा: पांढरासमुद्र, रत्नागिरी

नमस्कार. मी रत्नागिरी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. नववी-दहावीच्या मुलांना युरोपातील आधुनिक चित्रकलेची ओळख व्हावी, म्हणून यंदा दर शनिवारी एक तास मी राखून ठेवला आहे. निरनिराळे वाद आणि त्यांची लक्षणे मला पाठ आहेत: ठिपके दिसले की बिंदुवाद, कोनाकोनांचे तुकडे दिसले की घनवाद, वितळलेले घड्याळ दिसले की अतिवास्तववाद. परंतु गेल्या शनिवारी हे पाठांतर उघडे पडले. लालसर वाळू आणि रंगीत डोलकाठ्या असलेले बंदराचे एक चित्र मी व्हॅन गॉगचे म्हणून मुलांना दाखवले. एका मुलीने घरी जाऊन शोध घेतला, तेव्हा ते आंद्रे दरँचे, म्हणजे रंगभारवादी (फॉव्हिस्ट) चित्र निघाले. मी वर्गात चूक मान्य केली, पण माझे मन शांत झालेले नाही.

दुसरी अडचण साधनांची आहे. शाळेत रंगीत प्रिंट निघत नाही, म्हणून मी क्लोद मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइझ’ या चित्राच्या झेरॉक्स प्रती वाटल्या. त्यात सूर्य जवळजवळ दिसेनासाच झाला. मुले विचारू लागली, “बाई, सूर्योदय आहे तर सूर्य कुठे आहे?”

पाठ केलेल्या लक्षणांवर न विसंबता चित्रात नेमके काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: रापण, मालवण

बाई, सूर्य हरवलेला तो झेरॉक्सचा कागद टाकून देऊ नका. तोच रंगीत चित्राशेजारी, हवे तर मोबाइलवरच्या चित्राशेजारी ठेवून मुलांना दाखवा. मोनेने १८७२ मध्ये ल हाव्र बंदरातील पहाट रंगवली, तेव्हा नारिंगी सूर्य आणि त्याच्या भोवतीचे निळसर-राखाडी धुके यांचा उजळपणा त्याने जवळजवळ सारखाच ठेवला. सूर्य आपल्याला उठून दिसतो तो केवळ रंगांच्या विरोधामुळे. रंग काढून घेतला की तो धुक्यात विरून जातो. शाळेत आपण गडद-फिकट छटांनी आकार उभा करायला शिकवतो. ते काम या चित्रात रंगाने केले आहे. म्हणून नाव झाकल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा, असे मला वाटते: या चित्रकाराने रंगाकडे कोणते काम सोपवले आहे? विषयावरून वाद ओळखू जाऊ नये, कारण होड्या सर्वांनीच रंगवल्या आहेत.

आपण किनाऱ्यावरची माणसे आहोत, तेव्हा समुद्रकाठाचीच चित्रे क्रमाने लावून पाहू. मोनेच्या बंदरात होडी म्हणजे गडद रंगाचे मोजके फटकारे. तिला बाह्यरेषा नाही. मळभ दाटलेल्या सकाळी खाडीचा पलीकडचा तीर आपल्याला असाच कडा पुसल्यासारखा दिसतो. हा दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम).

व्हॅन गॉगने १८८८ मध्ये सँत-मारी येथे वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांचे रेखाटन केले आणि रंगीत चित्र मात्र आर्लला परतल्यावर रंगवले. या चित्रात रेषा परत आलेली आहे. लाल, हिरव्या, निळ्या रंगांना ठळक कड बांधलेली आहे, आणि आपल्याकडच्या होड्यांवर नाव रंगवलेले असते तसे तेथील एका होडीवरचे ‘आमितिए’, म्हणजे ‘मैत्री’, हे नाव स्पष्ट वाचता येते. रंग भडक आहेत, तरीही वाळू वाळूच्या रंगाची आणि समुद्र समुद्राच्या रंगाचा राहिला आहे.

१९०५ च्या उन्हाळ्यात मातिस आणि दरँ कोलियूर या मच्छीमारांच्या गावी राहिले, आणि तेथे हा शेवटचा धागाही तुटला. दरँच्या बंदरात वाळू लाल होऊ शकते, कारण तिचा रंग वाळूने ठरवलेला नसून शेजारच्या निळ्या-हिरव्याने ठरवला आहे. फटकाऱ्यांच्या मधून कोरा कॅनव्हासही ठिकठिकाणी दिसतो. हा रंगभारवाद. आपली गल्लत झाली ती नेमकी येथे. रंग वाढवलेला आहे की वस्तूपासून सोडवलेला आहे, एवढे एकच पाहिले असते तर व्हॅन गॉग आणि दरँ वेगळे करता आले असते.

त्यानंतर जॉर्ज ब्राक. त्यानेही लेस्ताक या किनाऱ्यावरच्या गावी रंगभारवादी चित्रे केली होती, पण १९०८ मध्ये तेथेच रंगवलेल्या घरांत त्याने रंग जवळजवळ आवरून घेतला: मातकट पिवळा, हिरवा, राखाडी. घरांना दारे-खिडक्या नाहीत, वर आकाश नाही, आणि उजेड एका बाजूने येत नाही. घाटीवरून खाली वाडीकडे पाहताना आपल्याला कौले एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात, पण दूरची कौले लहान होत जातात. ब्राकची घरे लहान होत दूर जात नाहीत. ती कॅनव्हासवर वर चढतात आणि आपल्या अंगावर येतात. हा घनवाद. १९११ च्या सुमाराची त्याची चित्रे तर तपकिरी-राखाडीच आहेत, त्यामुळे त्यांच्या झेरॉक्समध्ये फारसे काही हरवत नाही. मोनेचा झेरॉक्स आणि ब्राकचा झेरॉक्स शेजारी ठेवा. एका तासाला एवढे पुरे आहे.

मोंद्रियान आणि दाली यांच्याविषयी थोडक्यात लिहितो. मोंद्रियानने १९१५ मध्ये डोम्बुर्गचा समुद्र आणि त्यात शिरलेला धक्का केवळ काळ्या आडव्या-उभ्या रेघांत मांडला. दालीच्या १९३१ च्या घड्याळांच्या चित्रात मागे दिसणारे कडे स्पेनच्या कॅप द क्रेउस किनाऱ्याचे आहेत आणि ते जुन्या अकादमीच्या शिस्तीने, छायाप्रकाशासह रंगवलेले आहेत. रंगवण्याची रीत जुनी आणि घडणारी गोष्ट अशक्य, ही अतिवास्तववादाची खूण.

उत्तर: कातळ, राजापूर

वरील उत्तर मला फार मोलाचे वाटले, परंतु अतिवास्तववादाविषयीचे शेवटचे वाक्य एकट्या दालीवर बेतलेले आहे. जोआन मिरो हाही त्याच चळवळीतला, पण त्याच्या १९२४-२५ मधील ‘हार्लेक्विन्स कार्निव्हल’मध्ये छायाप्रकाशाची ती शिस्त नाही, तेथे सपाट, जिवाणूंसारखे वळवळणारे आकार अवकाशात तरंगतात. आंद्रे ब्रताँने १९२४ च्या जाहीरनाम्यात स्वप्न आणि अबोध मनाचा व्यापार यांवर भर दिला होता, रंगवण्याची एकच पद्धत घालून दिली नव्हती. काही वाद पद्धतीवरून ओळखता येतात आणि काही हेतूवरून, हा भेद मुलांना आरंभीच सांगावा.

व्हॅन गॉग आणि दरँ यांची गल्लत झाली, याचे बाईंनी वाईट वाटून घेऊ नये. १९०१ मध्ये पॅरिसमध्ये व्हॅन गॉगच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते आणि तेथेच दरँने आपला मित्र व्लामँक याची मातिसशी ओळख करून दिली. रंगभारवाद्यांनी व्हॅन गॉगकडून घेतलेले ऋण उघड आहे. आपल्या डोळ्यांनी नाते बरोबर ओळखले, पिढी तेवढी चुकली.

आणखी एक गोष्ट म्हणजे आकार. मोबाइलवर सर्व चित्रे तळहाताएवढी होतात. जॉर्ज सराचे ‘ला ग्रांद जात’ हे ठिपक्यांचे चित्र सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे, तर दालीचे घड्याळांचे चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटर. मी वर्गाच्या भिंतीवर खडूने दोन्ही चौकटी खऱ्या मापाने आखून देतो. मुले सराच्या चौकटीसमोर मागे सरकतात आणि दालीच्या चौकटीला नाक लावतात. ठिपके लांबून एकत्र मिसळण्यासाठी आहेत, हे मग शब्दांनी सांगावे लागत नाही.

उत्तर: नेरूर, कुडाळ

आमच्या भागातून एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, मुलांनी पाहिलेली असते. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून ती शाळांतही पोहोचली आहे. सपाट रंग, ठळक बाह्यरेषा, मोठे डोळे आणि सावलीचा अभाव ही तिची लक्षणे. हीच लक्षणे पॉल गोगँच्या १८८८ मधील तांबड्या जमिनीच्या ‘व्हिजन आफ्टर द सर्मन’मध्ये सापडतात, म्हणून मुले दोन्ही एकाच रांगेत बसवतात. चित्रकथी चित्रकाराला सावली न रंगवणे हा वारसा म्हणून मिळालेला आहे, तर गोगँने युरोपातील चालत आलेली रीत जाणूनबुजून सोडली, आणि त्यासाठी त्याला जपानी छापचित्रांचा आधार मिळाला. आधुनिक चळवळ ओळखताना चित्रकार कोणत्या रीतीशी भांडतो आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

हेच भारतीय चित्रकारांनाही लागू आहे. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्यांपैकी फ्रान्सिस न्यूटन सूझा हे गोव्यातील साळगावचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. त्यांच्या चेहऱ्यांतील जाड काळ्या रेषा आणि कपाळावर चढलेले डोळे यांत घनवाद आहे, मनातील भावना तीव्र करण्यासाठी रंग-आकार मोडणारा अभिव्यक्तिवादही आहे, पण त्यांना यांपैकी एकाच खणात बसवण्याचा अट्टहास धरू नये.

पुन्हा विचारणा: पांढरासमुद्र, रत्नागिरी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. येत्या शनिवारी दोन झेरॉक्स आणि खडूच्या दोन चौकटी, एवढेच करणार आहे. एक शंका उरते: रंगभारवाद आणि अभिव्यक्तिवाद या दोन्हींत रंग वस्तूपासून सुटलेला असतो, मग ते वेगळे कसे करावेत?

उत्तर: रापण, मालवण

बाई, त्यासाठी दोन चित्रे घ्यावीत. मातिसने १९०५ मध्ये आपल्या पत्नीचे व्यक्तिचित्र रंगवले, त्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत एक हिरवी रेघ उतरते. तिच्या एका बाजूला चेहरा उबदार रंगाचा आहे, दुसऱ्या बाजूला थंड. जे छायाप्रकाशाने साधायचे ते या रेघेने साधले आहे, आणि चेहरा स्वस्थ, तोललेला राहतो. जर्मन अभिव्यक्तिवादी किर्शनरने १९१३ पासून रंगवलेल्या बर्लिनच्या रस्त्यांवरील बायकांच्या चेहऱ्यांतही हिरवा-पिवळा आहे, पण तेथे तो चेहऱ्याला मुखवट्याची कळा देतो. खांदे, टोप्या, बूट सारे टोकदार आहे आणि माणसे दाटीत असूनही एकमेकांकडे पाहत नाहीत. किर्शनर आणि ड्रेस्डेनमधील त्याचे सहकारी लाकडी ठसेही कोरत असत. तो छिन्नीचा कोरडा, तुटक फटकारा त्यांच्या रंगचित्रांतही जाणवतो. मातिसच्या रेषेला असा कोन नाही. या दोन चित्रांचे रंगीत प्रिंट मात्र बाहेरून काढून आणावेच लागतील, कारण झेरॉक्समध्ये ती हिरवी रेघ मुलांना नाकाची साधी सावलीच वाटेल.