मदत हवी आहे: आरटीईतून शिकलेल्या मुलीची आठवी झाली, आता नववीची फी कशी भरायची?

नमस्कार मंडळी. मी थेरगावला राहते, घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, मिस्टर टेम्पो चालवतात. इथे वाचत असते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

२०१७ ला मोठीचं नाव आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या लॉटरीत लागलं, खासगी शाळेत गरीब घरच्या मुलांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांमध्ये. मेसेज आला तेव्हा मी मशीनवर बसले होते, मिस्टरांना फोन करून तीनदा वाचून दाखवला. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, जन्मदाखला सगळं पिशवीत घालून दोन दिवस रांगेत उभी राहिले आणि पहिलीला इंग्लिश मीडियमच्या शाळेत ॲडमिशन झालं. स्टेट बोर्डाची शाळा आहे, शिकवतात चांगलं. आठ वर्षं फी भरली नाही. बाकी खर्च झालाच, पुस्तकं, युनिफॉर्म, गॅदरिंग, व्हॅन. पुस्तकं आणि गणवेश या मुलांना फुकट द्यायचे असतात हे मला ती पाचवीत असताना कळलं, पण शाळेशी वाद घातला तर मुलीला वर्गात त्रास होईल या भीतीने गप्प बसले.

आता मार्चमध्ये ग्रुपवर पीडीएफ आली, नववीची फी ६८ हजार, पहिला हप्ता ३४ हजार शाळा सुरू व्हायच्या आत. ऑफिसात गेले तर क्लार्क मॅडम म्हणाल्या, "ताई, आरटीई आठवीपर्यंतच, आता ती रेग्युलर स्टुडंट. जमत नसेल तर एलसीचा अर्ज द्या." एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. एवढंच बोलून पुढच्या पालकाला बोलावलं. मुलगी शेजारी उभी होती, तिने सगळं ऐकलं. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही आणि रात्री म्हणाली, मम्मी मी कुठेही शिकेन, तू उधार नको घेऊस. ते ऐकल्यापासून मला झोप नाही.

बाजूला टाकलेले २० हजार आहेत, भिशी ऑगस्टमध्ये लागेल. पण यंदा कसंबसं भरलं तरी दहावीला परत तेच, वर क्लास. धाकटाही आरटीईतच आहे, २०२४ ला लागला. त्या वर्षी फेब्रुवारीत नियम बदलला होता, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीत जागा नाही म्हणून, आम्ही तसा फॉर्म भरला, मग मे मध्ये हायकोर्टाने स्थगिती दिली, परत नवा फॉर्म, जुलैमध्ये कोर्टाने तो नियमच रद्द केला तेव्हा कुठे ॲडमिशन झालं. एवढं करून त्याच्याही आठवीनंतर हेच वाढून ठेवलंय का?

शाळा अशी फी मागू शकते का? नववीसाठी सरकारची काही मदत आहे का? आणि नववीला शाळा बदललेली कोणाची मुलं आहेत का, त्यांना जड गेलं का? प्लीज सांगा.

निवृत्त_मास्तर: ताई, आधी कायद्याचं सांगतो. २००९ चा आरटीई कायदा ६ ते १४ वयासाठी, पहिली ते आठवी. सरकार तुमच्या मुलीचे पैसे शाळेला देत होतं, आपल्याकडे त्याची कमाल मर्यादा वर्षाला १७,६७० रुपये, आणि शाळांची ती रक्कम वर्षानुवर्षं थकते. आठवी झाली की तेही बंद, म्हणून शाळा नववीची फी मागू शकते. मुलाचं शिक्षण दहावीच्या तोंडावर असं उघड्यावर टाकणं मला पहिल्यापासून पटलेलं नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण १८ वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचं बोलतं, पण तुमच्या हातात आज त्याचं काही नाही.
दोन गोष्टी मात्र करा. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवावी लागते, २०११ चा फी नियमनाचा कायदा आहे, तेव्हा ६८ हजारांत नेमकं काय काय धरलंय ते लेखी मागा. आणि ट्रस्टींना अर्ज द्या, सवलत आणि महिन्याचे हप्ते. तोंडी नको, पोच घ्या. एलसीचा अर्ज दुसरीकडे प्रवेश पक्का झाल्याशिवाय अजिबात देऊ नका.

सई_ची_आई: एनएमएमएस ची, ती केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा दिली होती का हो तिने आठवीत? त्यात नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात.

निवृत्त_मास्तर: सईच्या आई, ती फक्त सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना. ही मुलगी विनाअनुदानित शाळेत, म्हणजे घर गरीब असूनही ती त्यात बसत नाही. ताई, जातीचा दाखला असेल तर नववी-दहावीच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीचं समाजकल्याणला विचारा, पण त्या रकमेत एवढी फी निघणार नाही.

कोथरूडची_मावशी: ताई, माझा मुलगा याच कारणाने नववीला अनुदानित शाळेत सेमीला गेला. सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीतच असतं, बाकी विषय मराठीत, त्यामुळे गणित-विज्ञानात काही अडलं नाही. अडलं इतिहास-भूगोलात. त्याला लॅटिट्यूड-लाँगिट्यूड पाठ होतं, पण पहिल्या चाचणीत अक्षवृत्त-रेखावृत्त वाचून पेपर कोरा ठेवून आला, घरी येऊन रडला. मग आम्ही बालभारतीच्या साइटवरून दोन्ही माध्यमांची भूगोलाची पुस्तकं फुकट डाउनलोड केली, तोच धडा आधी इंग्रजीत मग मराठीत, रोज रात्री मोठ्याने. दिवाळीपर्यंत रुळला. तुमची स्टेट बोर्डातच आहे म्हणजे पुस्तकातला मजकूर तोच, बोर्ड बदलत असतं तर मी नको म्हटलं असतं. मे मध्येच सुरू करा.

मी (थेरगाव): सगळ्यांचे खूप आभार, मास्तर तुमचे तर किती मानू. अर्ज देऊन पोच घेतली. उत्तर आलं, हप्ते पाडून देतील, फी कमी होणार नाही. घरी बसून हिशोब केला आणि ठरवलं, बदलायची शाळा.

काल जवळच्या अनुदानित शाळेत गेलो. मुख्याध्यापक सरांनी मुलीला बसवलं आणि आठवीचं इतिहासाचं मराठी पुस्तक उघडून दिलं, वाच म्हणाले. वाचत होती हळूहळू, "सविनय कायदेभंग" ला थांबली, मग विचारलं, "सर, सिव्हिल डिसओबीडियन्स का?" सर म्हणाले, "तुला सगळं येतंय बाळ, नुसती नावं नवी आहेत." सेमीत जागा आहे. आठवीचं गुणपत्रक आणि आधार घेऊन सोमवारी बोलावलंय, सरलवरची, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी नोंदीच्या साइटवरची ट्रान्सफर रिक्वेस्ट तेच पाठवतील आणि मग आम्ही एलसी मागायची.

मैत्रिणी सुटणार म्हणून काल रडली थोडी, ते व्हायचंच. आज सकाळी बघते तर माझ्या मापांच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखून एकीकडे इंग्रजी, एकीकडे मराठी शब्द लिहायला घेतलेत, ४१ झालेत.

धाकट्याला आहे तिथेच ठेवतोय, पण आजपासून रोज मराठी वाचून घेणार.

आता एकच, नववी सेमीची जुनी पुस्तकं कोणाकडे असतील तर सांगा, चिंचवड-वाकड भागात असतील तर मी येऊन घेऊन जाईन. बदल्यात दोन ब्लाउज शिवून देईन.