होमस्कूलिंगवाल्या मुलीला एपी परीक्षा द्यायचीये, नाशिकमधून रजिस्ट्रेशन कसं करायचं?

इंदिरानगरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी सहावीपासून शाळेत जात नाही, घरीच शिकते, दहावी एनआयओएसमधून (केंद्र सरकारचं ओपन स्कूल) झाली आणि आता बारावीलाही तिथूनच नाव घातलंय. तिला पुढे बाहेर जायचंय, अमेरिका नाहीतर कॅनडा, आणि तिकडे राहणाऱ्या माझ्या नणंदेने डोक्यात घातलंय की एपीच्या (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाच्या कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षा दे, शाळेचे मार्क नसले तरी पोरगी किती पाण्यात आहे ते कॉलेजवाल्यांना त्यावरून कळतं. मुलीने लगेच तीन विषय काढले, कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी मेकॅनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स ए. आता कॉलेज बोर्डाच्या साइटवर अकाउंट उघडलंय पण फी भरायचं बटणच कुठे सापडत नाही, सारखा जॉइन कोड मागतंय. सॅटचा (तिकडच्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचा) फॉर्म तर घरबसल्या भरून झाला होता. इथल्या एका शाळेत फोन केला तर आधी त्यांनी मलाच विचारलं एपी म्हणजे काय, मग म्हणाले आमचा विद्यार्थी नाही तर आम्ही काही करू शकत नाही. म्हणजे शाळेत नाव नसेल तर परीक्षाच देता येत नाही का? इथून कुणी केलंय का हे?

(सासरे रोज विचारतात की मुक्त विद्यापीठ इथे गंगापूर धरणापाशी आहे तर पोरीचं नाव तिकडेच घाल ना, नोएडाचं कसलं ओपन स्कूल. ते वेगळं चालू आहे.)

गोदाकाठ

ताई परीक्षा नक्की देता येते, आमच्या मुलाने दिलीये आणि तोही शाळेत नव्हता. एपीला कोर्स केलाच पाहिजे अशी अट नाही, घरी अभ्यास करून थेट पेपर देता येतो, फक्त सेमिनार आणि रिसर्च असे दोन विषय आहेत ते शाळेतल्या वर्गाशिवाय होत नाहीत, तुमच्या यादीत ते नाहीत म्हणजे प्रश्न नाही.

बटण सापडत नाही कारण ते नाहीचये. सॅटला तुमचा व्यवहार सरळ कॉलेज बोर्डाशी असतो, एपीचं तसं नाही. इथे पेपर मागवते शाळा, फी गोळा करते शाळा आणि परीक्षाही शाळाच घेते. त्यामुळे जिथे एपी चालतं अशी एखादी शाळा गाठायची आणि तिथे जो एपी कोऑर्डिनेटर असतो त्याला विचारायचं की बाहेरचा विद्यार्थी घ्याल का. तो हो म्हणाला की तो नुसती परीक्षा देणाऱ्यांसाठी जॉइन कोड देतो, प्रत्येक विषयाचा वेगळा, तो मुलीने आपल्या अकाउंटमधे टाकायचा. सॅटच्या वेळचं अकाउंट आहे ना, तेच वापरा, नवीन उघडलं असेल तर कॉलेज बोर्डाला सांगून दोन्ही एक करून घ्या नाहीतर निकाल दोन ठिकाणी विखुरतात.

शाळा शोधायला एपी कोर्स लेजर नावाची यादी आहे कॉलेज बोर्डाचीच, त्यात देश टाकून शोधता येतं. मुंबई आणि पुण्याकडे जास्त बघा. सगळ्याच शाळा बाहेरचं मूल घेत नाहीत, त्यांच्यावर तशी सक्ती नाही, म्हणून एकीवर विसंबून राहू नका.

आणि वेळ. परीक्षा मे महिन्यात असली तरी शाळांना पेपरची ऑर्डर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत द्यायची असते, त्यामुळे गणपतीच्या आधी मेल गेली पाहिजे आणि दिवाळीच्या आत जॉइन कोड हातात पाहिजे. जानेवारीत जागे होणारे पालक मी बघितलेत, मग ४० डॉलर लेट फी आणि तीही शाळेने मनावर घेतलं तर. ऑर्डर गेल्यावर नको म्हणालात तरी ४० डॉलर जातातच. मूळ फी अमेरिकेत २०२५ ला एका विषयाला ९९ डॉलर होती, अमेरिकेबाहेर त्याहून जास्त पडते, वर शाळा आपला खर्च लावते तो वेगळा. तीन विषयांचा हिशोब आधी करून ठेवा.

सातपूरकर

उगाच डॉलरमधे पैसे घालवायचे कशाला? सीईटी नाहीतर जेईई द्यायची, इथे चांगली कॉलेजं आहेत. एपीला इथे कोण विचारतं?

गोदाकाठ

@सातपूरकर दादा त्यांनी पहिल्याच पोस्टमधे सांगितलंय बाहेर जायचंय म्हणून. पण एक मुद्दा तुमचा बरोबर आहे तो ताईंनी लक्षात ठेवावा, एपी म्हणजे बारावी नाही. एनआयओएसची बारावी सोडून नुसत्या एपीवर बसू नका, ती बारावी असली की जेईईचं दारही उघडं राहतं. एपी ही वरची भर. आणि होमस्कूलवाल्यांना त्या भरीचा उपयोग शाळेतल्या मुलांपेक्षा जास्त होतो कारण कॉमन ॲपवर, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सामायिक अर्जात, कौन्सेलर म्हणून आईबापच फॉर्म भरतात, आता आईने मुलीला ए ग्रेड दिली तर त्याला कोण किती किंमत देणार, तिथे बाहेरच्या कुणीतरी तपासलेला पाचपैकी चारचा स्कोअर असला की बोलणं सोपं होतं.

गणित_मास्तर_नाशिकरोड

रजिस्ट्रेशनचं वरती आलंच आहे, मी विषयांबद्दल बोलतो. ताई, तीन विषय एकाच मे महिन्यात हे ऐकायला छान आहे. बीसीमधे इन्फिनिट सिरीज, कन्व्हर्जन्सच्या टेस्ट, टेलर सिरीज, पोलर हे सगळं येतं, आणि बारावीच्या पुस्तकात त्यातलं जवळपास काहीच नाही. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन पक्कं असलेली हुशार मुलं सुद्धा सिरीजला अडखळतात, मी शिकवलंय म्हणून सांगतो. तरी बीसीच द्यावी असं माझं मत, कारण त्यात एबीच्या (कॅल्क्युलसचा धाकटा पेपर) भागाचा सबस्कोअर वेगळा मिळतो. एबी आणि बीसी एकाच वर्षी देता येत नाही, त्यामुळे दोन्ही देऊन बघू हा विचार काढून टाका.

फिजिक्स सी मेकॅनिक्स कॅल्क्युलसवर चालतं म्हणून ते बीसीच्या जोडीला चांगलं बसतं. कॉम्प्युटर सायन्स ए म्हणजे जावा. मुलगी पायथनवाली असेल तर ते पुढच्या वर्षी ठेवा असं मी म्हणेन.

अभ्यासाला क्लास लावायची घाई नको. मागच्या वर्षांचे फ्री रिस्पॉन्सचे, म्हणजे लांब उत्तरांचे प्रश्न आणि ते कसे तपासले त्याच्या गाइडलाइन्स कॉलेज बोर्ड फुकट टाकतं, खान अकॅडमीवर बीसीचा पूर्ण कोर्स आहे. बीसीला ४५ ऑब्जेक्टिव्ह आणि ६ लांब प्रश्न, सव्वातीन तास. त्या लांब प्रश्नांत उत्तर बरोबर आणि कारण लिहिलं नाही तर मार्क जातात. आपल्या मुलांची खरी अडचण तिथे आहे, गणित येतं पण "का" ते वाक्यात लिहायची सवय नसते. रोज एक प्रश्न सोडवून गाइडलाइन समोर ठेवून तिने स्वतःच तपासावा, आणि कडक तपासावा.

इंदिरानगरची_आई

बाप रे, किती उपयोगी माहिती. मास्तर, पायथनवालीच आहे ती, तोंड पाडून बसलीये पण ऐकेल. आता नवीन शंका, एनआयओएसची परीक्षा एप्रिल मे मधेच असते ना? दोन्ही एकदम आलं तर? आणि पेपर मुंबईला असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं जमेल का?

माहेर_सिडको

मी पुण्यात असते, माझाही मुलगा एनआयओएसचाच. ताई हाच खरा घोळ आहे आणि कुणी आधी सांगत नाही. एपी मे च्या पहिल्या दोन आठवड्यांत असते आणि एनआयओएसची थिअरी एप्रिल मे मधे रेंगाळत चालते, तारखा एकमेकांवर येऊ शकतात. पण एनआयओएसला वर्षातून दोनदा परीक्षा असते, दुसरी ऑक्टोबर नोव्हेंबरला, आणि सगळे विषय एकदम द्यावेत अशी जबरदस्ती नाही, पाच वर्षं रजिस्ट्रेशन चालतं आणि पास झालेला विषय जमा राहतो. तेव्हा मे महिना एपीला मोकळा ठेवायचा आणि बारावीचे जड विषय ऑक्टोबरच्या खेपेला टाकायचे. फक्त दहावी आणि बारावीत किती अंतर लागतं आणि तिची बारावी पूर्ण कधी होणार ते आधी मोजा, कारण बाहेरच्या कॉलेजला शेवटी बारावीचं सर्टिफिकेट दाखवावं लागणारच.

पंचवटीचं विसरा! ती नाशिकरोडहून सातच्या सुमारास सुटते आणि सकाळचा पेपर आठला असतो. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा, कुणी नातेवाईक असेल तर आत्ताच सांगून ठेवा, मे म्हणजे सुट्ट्या आणि लगीनसराई, घरं पाहुण्यांनी भरलेली असतात. दुपारचा पेपर बारा वाजता असतो, त्याला समृद्धीने पहाटे निघून पोचता येईल कदाचित, पण मी पोरीच्या परीक्षेसाठी ती रिस्क घेणार नाही.

सातपूरकर

बरं, कॅनडावाले पण धरतात का हे? भाच्यासाठी विचारतोय.

गोदाकाठ

धरतात. काही ठिकाणी चार किंवा पाच आला तर पहिल्या वर्षाचा तो विषय माफ होतो, काही ठिकाणी फक्त ॲडमिशनला बघतात, युनिव्हर्सिटीगणिक वेगळं आहे. कॉलेज बोर्डाच्या साइटवर कॉलेजचं नाव टाकून क्रेडिट पॉलिसी शोधता येते, भाच्याला तिथेच बसवा. इंग्लंडमधेही एपी मानतात. निकाल जुलैमधे येतो आणि तो कुणाला पाठवायचा ते विद्यार्थी ठरवतो, म्हणजे दोन आला तर जगाला ओरडून सांगायची गरज नाही.

ताई, लॅपटॉपचं राहिलं. २०२५ पासून बहुतेक पेपर कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवर असतात. कॉम्प्युटर सायन्स पूर्ण स्क्रीनवरच, कोडही तिथेच टाइप करायचा आणि रन करून बघता येत नाही. कॅल्क्युलस आणि फिजिक्सला ऑब्जेक्टिव्ह स्क्रीनवर पण लांब प्रश्नांची उत्तरं कागदावर पेनाने किंवा पेन्सिलने. कॅल्क्युलेटर डेस्मॉसचा ॲपमधेच आहे, त्याची सवय घरी करून घ्या. स्वतःचा लॅपटॉप आणायचा की सेंटर देणार ते कोऑर्डिनेटरला विचारा. ओळखपत्राला पासपोर्ट असलेला बरा आणि अकाउंटवरचं नाव त्याच्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे, वडिलांचं नाव मधे आहे की नाही इथपर्यंत.

इंदिरानगरची_आई

काही शाळांना मेल टाकल्या. एका ठिकाणून आज उत्तर आलं की आमच्या मुलांची संख्या कळली की ऑक्टोबरमधे सांगतो. याचा अर्थ हो समजायचा का?

गोदाकाठ

नाही, याचा अर्थ आधी त्यांची मुलं बसवणार आणि जागा उरली तर तुमची. बाकीच्या शाळांना मेल चालू ठेवा. आणि या शाळेला आत्ताच विचारून घ्या की फिजिक्स सी मेकॅनिक्स ते घेणार आहेत का, कारण त्यांच्या एकाही मुलाने तो विषय घेतला नसेल तर एका पोरीसाठी सुपरवायझर आणि खोली द्यायला बऱ्याच शाळा तयार होत नाहीत. तसं झालं तर कॅल्क्युलस एकीकडे आणि फिजिक्स दुसरीकडे असंही करता येतं, पण दोन्ही कोऑर्डिनेटरना ते आधी कळवा.